लांब, आखूड, लांब

१

पहाटे पावणेसहाला ती उठे. गजर लावायची कधी वेळ आली नाही. आधी मधल्या खोलीत जाऊन नवऱ्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे, कारण त्यांचे डोळे मिटत नसत आणि कोरडे पडत. मग कूस बदलायची, पांघरूण सारखं करायचं, आणि हवेच्या गादीचा पंप चालू आहे ना हे बघायचं. त्यासाठी वाकावं लागत नसे. अनवाणी पाय फरशीवर टेकला की त्याची बारीक गुरगुर तळव्याला लागे. मग चहाचं आधण मंद आचेवर ठेवून ती शेजारच्या खोलीत रेडिओपुढे जाऊन बसे. सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास तिथे बसायचं, वही लिहायची आणि उठायचं. उठल्यापासून वही मिटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

हा तिचा नेम होता.

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. नोकरीत असताना ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते, आणि नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग कधी जाणार ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर तो कान त्यांनी रेडिओला लावला. गाणी नाहीत, बातम्या नाहीत. पट्टीच्या पार तळाशी ज्या लांब लहरी असतात, जिथे आता कुणी बोलत नाही, तिथे जगात कुठे कुठे चार हौशी माणसं बॅटरीच्या दिव्याएवढ्या ताकदीवर खुणा सोडत बसतात. त्या इतक्या क्षीण की कानाला ऐकूच येत नाहीत. म्हणून त्या फार सावकाश सोडायच्या. तारेच्या लिपीतलं टिंब एका मिनिटाचं, रेघ तीन मिनिटांची. कॉम्प्युटर ती खूण थेंब थेंब साठवतो आणि पडद्यावरच्या राखाडी भुरभुरीत एक पुसट रेघ दिसते. एक अक्षर यायला दहा मिनिटं.

"तेवढ्यात माझा निम्मा स्वयंपाक होतो," ती म्हणे.

"हूं," ते म्हणत.

"ह्या माणसाला पाच हजार मैलांवरचं ऐकू येतं, स्वयंपाकघरातलं येत नाही," असं ती लेकीला सांगायची, आणि दोघी हसायच्या. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण खोटी नव्हती. ती बोलकी. हात पुसत पुसत काहीतरी सांगायला यायची, "अहो, ऐकलंत का," आणि ते मागे न वळता उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. थांब. बोट खाली येईपर्यंत सांगायचं ते तोंडातल्या तोंडात विरून गेलेलं असायचं.

अकरा महिन्यांपूर्वी ते ह्याच खुर्चीवरून खाली पडले. मेंदूत रक्त सांडलं, डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. आणखी काय वाचलं ते कुणालाच सांगता येईना. हाक मारली तर बघत नसत, चिमटा काढला तरी हात ओढून घेत नसत. उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडून राहत.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ती देवासमोर उभी राहिली. आयुष्यभर ह्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणाली. तेवढा वेळ गप्प बस. ती मी देते. ह्यांची वही रोज पहाटे मी लिहीन, तोंडातून शब्द न काढता. ते बोलेपर्यंत.

हातातला दिवा जरा हलला होता. तिनं तो होकार मानला.

२

वहीची रीत त्यांचीच होती. बसल्याबरोबर वेळ टाकायची, "पाच अठ्ठावन्न, बसले." मग पडद्यावर काही दिसलं तर त्याची वेळ आणि लांबी. खात्री नसेल तर समासात एक छोटं वर्तुळ. तीच खूण तीन दिवस त्याच वेळेला दिसली, आणि घरातली सगळी वीज बंद करूनही दिसत राहिली, तरच वर्तुळ खोडून तिथे एक शब्द लिहायचा : आहे.

जुन्या वह्यांत त्यांच्या हातचे असे शेकडो "आहे" होते. अक्षरांवर रेघ ओढायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे तो शब्द बोडका दिसे, सुटे खडे शेजारी ठेवल्यासारखा. वर्तुळंही अशीच अर्धवट. वर एक बारीक फट राहिलेली.

दहा महिने तिनं नेमानं वही लिहिली. खुणा सोडणारी लांबची दोन-तीन ठाणी तिला ओळखू यायला लागली होती. आणि मग, मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी, पडद्याच्या अगदी खालच्या कडेला, जिथे कधी काही नसायचं, तिथे एक रेघ दिसली. तीन मिनिटांची. मग थोडी जागा, मग एक मिनिटाची. मग परत तीन. लांब, आखूड, लांब. सहा अकराला सुरू, सहा वीसला संपलेली. जरा वेळानं तेच पुन्हा एकदा.

तिला बरं वाटलं. नवीन ठाणं सापडलं की ते खुर्ची मागे रेलायचे, ते आठवलं. तिनं वेळ लिहिली, वर्तुळ काढलं, वही मिटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती रेघ उमटताना तिनं एकदाही पाहिली नव्हती. पडदा मुंगीच्या पावलानं सरकतो. एखादी खूण यायला लागली की आधी एक ठिपका, मग तो लांबत जातो, असं बाकीच्या ठाण्यांचं तिनं दहा महिने पाहिलं होतं. ही मात्र दिसायची ती आखून झालेलीच. आत्ता काही नव्हतं, आणि आत्ता आहे.

डोळा लागत असेल, तिनं मनाशी म्हटलं. वय झालं, झोप पुरत नाही. त्याच दिवशी चहाचं आधण आटून पातेलं काळं झालं होतं. आच मंद होती, पाणी दोन पेले होतं. नेहमी तेवढ्यात आटत नसे.

पाचव्या दिवशी मागची पानं चाळताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. त्या खुणेपुढे तिनं वर्तुळं काढली होती ती जागच्या जागी होती. पण प्रत्येक पानाच्या अगदी वर, "बसले" ह्या शब्दाच्या शेजारीही एकेक वर्तुळ होतं. ते तिला काढल्याचं आठवेना. चष्मा लावून पाहिलं. प्रत्येकाच्या डोक्याशी बारीक फट होती.

इतके महिने त्यांची वही गिरवतेय, हाताला त्यांचंच वळण लागणार, तिला वाटलं. ते वाटणं तिला आवडलंही.

३

बुधवारी दुपारी तारमास्तर आले. जुन्या तारऑफिसातून निवृत्त झालेले, नवऱ्याचे एकुलते एक मित्र. महिन्यातून एकदा येत, पलंगाशी बसून मित्राला दोन शब्द बोलत, मग तिच्या हातचा चहा घेत.

"काय म्हणतोय आमचा मौनीबाबा?"

"आहे तसंच," ती म्हणाली. "तुम्ही आधी हे बघा."

तिनं छापून ठेवलेला पडद्याचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि कागद नाकाशी नेला.

"वहिनी, ह्या जागी कुणी नसतं. माझ्याकडे सगळ्या ठाण्यांची यादी आहे. तुमच्या फ्रिजबिजचा खेळ असेल. घर बंद करून पाहिलंत का?"

तिनं नाही म्हटलं. मेन स्विच पाडला की गादीचा पंप बंद पडतो, म्हणून आजवर तिनं ते कधी केलं नव्हतं.

"दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. त्याच्याच हाताखाली शिकलात, आणि पहिलाच धडा चुकवलात?" मग कागदावर बोट फिरवत ते थबकले. "पण हे गमतीचं आहे. फ्रिज असलं काही म्हणत नाही."

"काय म्हणतंय?"

"लांब, आखूड, लांब. आपल्या तारेच्या भाषेत हे बोलणं संपताना ठोकतात. माझं झालं, आता तुम्ही बोला." त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. "पण त्याच्या आधी माणूस काहीतरी बोलतो ना. इथे तर काहीच नाही. रोज उठून नुसतं, आता तुम्ही बोला, आता तुम्ही बोला. असलं गिऱ्हाईक मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

"कुणाला म्हणत असेल?"

"जो कुणी ऐकत असेल त्याला. आपल्याला नव्हे, आपल्याकडे कुठे बोलायचं यंत्र आहे? आपला हा नुसता कान." ते हसले, आणि चहाचा कप ठेवताना आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "रविवारी नेणार म्हणे त्याला?"

लेकीनं गावाबाहेरची एक शुश्रूषेची संस्था बघून ठेवली होती. रविवारी सकाळी दहाला गाडी येणार होती. ते तिकडे, ती लेकीकडे, आणि छतावरची एरियलची तार त्याच दिवशी उतरवायची.

"नेणार," ती म्हणाली.

४

गुरुवारी तिनं घर बंद केलं.

रेडिओ बॅटरीवर घेतला, कॉम्प्युटरही. सहा वाजून आठ मिनिटांनी दाराशी जाऊन मेन स्विच खाली ओढला. फ्रिज हुंकार देऊन गप्प झाला. मधल्या खोलीतला पंप थांबला, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तळव्यांना फरशी नुसती गार लागली.

घर इतकं शांत असतं हे ती विसरून गेली होती. रस्त्यावर कुणीतरी झाडू मारत होतं, त्याचा खराटा ऐकू येत होता. दोन घरं सोडून कुणी नळ सोडला, तो ऐकू आला. ती खुर्चीत बसली. मधलं दार उघडं होतं आणि तिथून पलंग दिसे. उशी, त्यांचं नाक, छताकडे लागलेले डोळे. भिंतीवरच्या घड्याळात सहा दहा झाले होते.

खराट्याचा आवाज आता पलीकडच्या कोपऱ्यावरून येत होता. इतक्यात तो तिथे कसा गेला, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं पडद्याकडे पाहिलं. रेघ होती. नेहमीपेक्षा काळी, कुणी पेन्सिल दाबून ओढल्यासारखी. घड्याळात सहा चौदा.

तिनं मान वळवली. पलंगावरचे डोळे छताकडे नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

ती उठली नाही. का नाही, ते तिला नंतर सांगता आलं नसतं. दुसऱ्याच कुणाच्या घरातली गोष्ट खिडकीतून दिसावी, तसं ते दिसत होतं. मग पुन्हा घड्याळ पाहिलं तेव्हा सहा वीस झाले होते, पडद्यावर तिन्ही रेघा पुऱ्या होत्या, आणि ते छताकडे बघत होते.

वही मिटल्यावर तिनं लेकीला फोन लावला.

"आई, अगं बाबा त्यात नाहीत," लेक हळूच म्हणाली. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची आणि सगळं आकड्यात मागायची. "डॉक्टरांनी दोनदा तपासलंय. डोळे आपोआप हलतात कधी कधी. आणि तूही बरी नाहीस. फोनवर बोलता बोलता गप्प होतेस. परवा सकाळी केवढा वेळ मी हॅलो हॅलो करत होते."

परवा सकाळी लेकीचा फोन आल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तू ये शनिवारी," ती म्हणाली. "पहाटे माझ्याजवळ बस. ते बघतात हे मी तुला दाखवलं तर?"

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"दाखव. मग गाडी रद्द. पण नाही दिसलं तर पुन्हा हा विषय नाही. कबूल?"

"कबूल."

५

लेक शुक्रवारी मुक्कामाला आली. येताना प्रयोगशाळेतली जाड पुठ्ठ्याची पाटी, एक कोरा कागद आणि तिचं आकड्यांचं घड्याळ घेऊन आली.

"नीट ठरवून करू," ती म्हणाली. "मी बाबांजवळ बसते. दर मिनिटाला किती वाजले ते लिहिते आणि पुढे खूण करते. छताकडे बघत असले तर बरोबरची, दुसरीकडे बघितलं तर फुली. तू तुझ्या पडद्यापाशी बस. तुझं मला दाखवायचं नाही, माझं तुला नाही. नंतर दोन्ही शेजारी ठेवू."

"आणि त्या वेळात बोलायचं नाही."

"नाही गं बाई. तुझा नेम मोडणार नाही मी." तिनं बापाच्या कपाळावरचे केस मागे सारले. "बाबा, ऐकताय का, आईनं तुमची परीक्षा ठेवलीय. तयारीत राहा."

ते छताकडे बघत होते.

पहाटे सहा पाचला दोघी आपापल्या जागी बसल्या. मधल्या दारातून आईला लेकीची पाठ दिसत होती, वेणी, आणि पेन्सिल धरलेलं कोपर. दर मिनिटाला कोपर जरासं हलायचं. ते बघून तिला धीर आला. इतके दिवस ती एकटीच होती. आज घरात दुसरं जागं माणूस होतं, तरणं, शिकलेलं, दिवसभर कामाला जुंपलं तरी डोळा न लागणारं.

सहा दहाला कोपर हललं.

मग पडद्यावर रेघ होती.

तिनं आज डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. पापण्यांवर गार पाणी लावून बसली होती. ती झोपली नव्हती. मान कलंडली नव्हती, चष्मा घसरला नव्हता. सिनेमाच्या फितीचा तुकडा कापून दोन टोकं जोडावीत, तसं मधलं काही नव्हतंच. तिनं लेकीकडे पाहिलं. कोपर हललं. ती वाट बघत राहिली, आणि कोपर हललं, आणि पडद्यावर आखूड रेघही होती.

सहा चौतीसला लेक पाटी घेऊन उठली. चेहरा उतरला होता, पण तो आईसाठी.

"नाही आई," ती म्हणाली. "एकदाही नाही. मी डोळ्याला डोळा लावून बसले होते. सगळ्या बरोबरच्याच खुणा आहेत."

६

आईनं वही मिटली, मग पाटी हातात घेतली. अक्षर स्वच्छ होतं, प्रयोगशाळेतलं. सहा पाच, बरोबर. सहा सहा, बरोबर. बोट ठेवून ती खाली उतरत गेली.

सहा दहाच्या खाली सहा चौदा होतं.

त्याच्या खाली सहा सोळा. मग एकदम सहा वीस.

"तीस मिनिटं बसलीस ना गं?"

"हो. तीस."

"मोज."

लेकीनं मोजलं. सोळा खुणा. पुन्हा मोजलं. मग तिनं आईच्या वहीतलं पान शेजारी ठेवलं. वहीत जिथे जिथे रेघ होती, तिथली मिनिटं पाटीवर नव्हती. एकही जास्त गेलं नव्हतं, एकही कमी नाही.

"मी दर मिनिटाला लिहिलं," लेक म्हणाली. "मधे थांबले नाही. मला कळलं असतं ना, आकडा लिहिताना? दहानंतर चौदा लिहिताना कळलं असतं."

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लेकीनं सवयीप्रमाणे तपासणाऱ्याचं, आपलं, नाव लिहिलं होतं. त्या नावाशेजारी पेन्सिलीनं काढलेलं एक छोटं वर्तुळ होतं. वर फट राहिलेलं.

"हे काय?" लेकीनं विचारलं.

"तू काढलंस?"

"मी कशाला काढू? तू आली होतीस का मधे?"

"मी जागची हलले नाही," असं ती म्हणाली खरी, पण ते तिला तरी कुठे ठाऊक होतं. त्या चौदा मिनिटांत कोण हललं, कोण नाही, हे ह्या घरात सांगू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते छताकडे बघत पडलं होतं.

लेकीनं पाटी पालथी घातली. स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ ती सांडशीनं गॅसचा बर्नर उगाच सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तू आजच चल माझ्याकडे. आत्ता. बाबांजवळ मी रात्रपाळीची नर्स बोलावते."

"उद्या दहाला गाडी येणारच आहे. उद्यापर्यंत माझा नेम आहे."

"आई, मला इथे कसंतरी होतंय."

"तू जा. सकाळी गाडीबरोबर ये." तिनं लेकीच्या गालावर हात ठेवला. गाल गार होता, की हातच गार होता. "ते काही वाईट करणार नाहीत गं. तुझे बाबाच ते."

लेक जिना उतरून गेल्यावर तिनं जुन्या वह्या काढल्या. वर्तुळं, आणि वर्तुळं खोडून लिहिलेले बोडके "आहे". शंका असेल तिथे वर्तुळ. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी उगाच काढलं नव्हतं. पलीकडे कुणी आहे असं वाटतं, पण ऐकू काहीच येत नाही, अशाच जागी.

आणि तीच वर्तुळं आता होती "बसले"च्या शेजारी, म्हणजे ती बसली होती तिथे. तिच्या लेकीच्या नावाशी.

आता तुम्ही बोला. आता तुम्ही बोला. आणि ती रोज पहाटे, दिवा लावून, मनापासून, तोंड घट्ट मिटून बसलेली.

७

रविवारी तिनं डोळ्यांत थेंब घातले, कूस बदलली, पांघरूण सारखं केलं. आज त्यांचे कपडेही बदलले, जायचं होतं म्हणून. देवासमोर उभी राहिली आणि क्षमा मागितली. नेम मोडते, पण रागावू नकोस, मी अर्थ चुकीचा लावला होता.

मग रीतसर घर बंद केलं. फ्रिज थांबला. पंप थांबला. रेडिओ आणि पडदा चालू ठेवून तिनं खुर्ची मधल्या खोलीत ओढली आणि पलंगाशी बसली. पाण्याचा तांब्या भरून जवळ ठेवला. वही मांडीवर घेतली, "सहा पाच, बसले" लिहिलं, पेन्सिल वहीत ठेवली. त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तो जड होता आणि काहीच नव्हता, अकरा महिने होता तसाच.

सहा नऊ. रस्त्यावर आज खराटा नव्हता. सहा दहा.

काय बोलावं हे तिनं रात्रभर ठरवलं होतं, आणि आता त्यातलं काही आठवेना. अडतीस वर्षं जे तोंडाशी यायचं तेच आलं.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का—"

ऊन फरशीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत आलं होतं.

ते तिथे यायला साडेनऊ वाजतात. फोन वाजत होता, बहुतेक मघापासून. तांब्या रिकामा होता. तिचा पदर पुढून ओला झालेला. ओठ फुटले होते, आणि घसा आतून सोलल्यासारखा, दिवसच्या दिवस न थांबता बोलल्यावर होतो तसा. काय सांगितलं, कुठवर सांगितलं, काहीच आठवत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर माणसाला हलकं वाटतं, तेवढं मात्र वाटत होतं. हलकं, आणि रिकामं.

शेजारच्या खोलीत पडदा चालू होता. कडेपासून कडेपर्यंत राखाडी भुरभुर. एकही रेघ नाही.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटले होते. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, शांतपणे, काम उरकलेल्या माणसासारखे मिटले होते. हात तिच्या हातात नव्हता, आपल्या जागी छातीवर होता. पहिल्या बोटाच्या टोकाला पेन्सिलीचा काळा डाग होता. पांघरूण वरखाली होतंय का, हे बघायला क्षणभर टक लावावी लागली असती. तिनं ती लावली नाही.

ती फोनपाशी गेली.

"आई? किती वेळ लावतेयस. आम्ही निघालो, गाडी मागेच आहे. सगळं ठीक ना?"

तिनं तोंड उघडलं. घशातून वारा आला. शब्द आला नाही, शब्दाचा आवाजही नाही. पुन्हा उघडलं. अडतीस वर्षांचं सगळं जिथे गेलं, तिथेच तोही गेला असावा.

"हॅलो? आई, काही ऐकू येत नाहीये." लेकीनं कुणाला तरी गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मग तिचा आवाज अगदी जवळ आला, लहानपणी अंधारात यायचा तसा. "आई, तू आहेस ना?"

तिनं रिसीव्हर कानावरून पुढे आणला, आणि तो धरलेल्या हाताची मागची बाजू तिच्या डोळ्यांसमोर आली. कातडीवर पेन्सिलीनं, जरा दाबून, वर रेघ न ओढता लिहिलं होतं :

आहे.

कधी लिहिलं ते तिला कळलं नव्हतं. कातडी दुखत नव्हती. तिनं रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला, आणि लिहिलेला हात त्याच्या तोंडासमोर धरून, लेकीला दिसेपर्यंत, ती तशीच उभी राहिली.